मोटाररंगांची थंडीतील साठवण

वाहनांना लावायचे रंग, प्राइमर, पुट्टी, क्लिअर (वरचा पारदर्शक थर), थिनर आणि हार्डनर (रंग घट्ट करणारे मिश्रण) तापमान उतरलेल्या काळात बिघडू न देता ठेवण्याची पद्धत. थंड देशांत तिचा मुख्य हेतू रंग गोठू न देणे हा असतो. गोव्यात हा प्रश्न उद्भवत नाही. पणजीत जानेवारीच्या पहाटेचे सरासरी किमान तापमान २०° से.च्या आसपास राहते. सत्तरी, सांगे या घाटालगतच्या भागांत ते आणखी खाली जाते, पण गोठणबिंदूच्या जवळपासही पोचत नाही. त्यामुळे परदेशी माहितीपत्रकांतील थंडीविषयक सूचना येथे निरुपयोगी ठरवल्या जातात. हे अर्धेच खरे आहे. थंड डब्यावर दव धरते हा त्या सूचनांमागचा दुसरा मुद्दा गोव्याला पुरेपूर लागू पडतो, आणि तो जानेवारीपेक्षा जुलैत जास्त.

साठवणीचा विचार रंगाच्या जातीनुसार करावा लागतो. जुन्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग; व्यापारी नाव ड्यूको) महत्त्वाचे. त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. १९२० च्या जुलैत न्यू जर्सीतील पार्लिन येथील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत छायाचित्रणाच्या फिल्मसाठीचे नायट्रोसेल्युलोजाचे मिश्रण पिंपात तसेच पडून राहिले, उन्हाळ्याच्या उष्म्यात पातळ झाले आणि त्यातून कमी दाटपणाचे लॅकर सापडले, असे सांगतात. सोडियम ॲसिटेटामुळे हे घडले, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. दुसऱ्या मताने हा प्रसंग नंतर रंगवून सांगितला गेला असावा. खरे श्रेय ड्यूपाँतील एडमंड फ्लॅहर्टी व सहकाऱ्यांच्या पद्धतशीर कामाला आणि जनरल मोटर्सबरोबर झालेल्या चाचण्यांना जाते. हे लॅकर १९२४ च्या, जनरल मोटर्सच्याच ओकलंड गाड्यांवर आले. मधली काही वर्षे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पिंपाची कथा खरी मानली, तर साठवणीतील बिघाडातून निघालेला हा रंग म्हणावा लागेल.

लॅकर थंडीत गोठत नाही, दाट होते. फोर्ड कपातून (दाटपणा मोजायच्या, तळाला भोक असलेल्या कपातून) ते गळायला जास्त सेकंद लागतात, आणि पेंटर सवयीने थिनर वाढवतो. मग रंग ओघळतो, झाकणशक्ती घटते. डबा आदल्या रात्रीपासून कामाच्या खोलीत ठेवला तर जादा थिनर लागत नाही. थिनरमधील टोल्यूइन या द्रावकाचा प्रज्वलनबिंदू (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) ४° से.च्या आसपास असल्याने आगीजवळ डबा गरम करणे थंड सकाळीही धोक्याचेच. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर बाष्प बसते व रंग ‘पांढरा मारतो’. त्यावर रिटार्डर (सावकाश उडणारे) थिनर हा उपाय; साठवण बदलून हे टळत नाही.

पाण्यावर आधारित बेसकोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) १९८० च्या दशकापासून वापरात आले. ते साधारण ५° ते ३५° से. या मर्यादेत ठेवतात. गोठून वितळलेला असा रंग नासलेल्या दुधासारखा फुटतो आणि ढवळून पूर्ववत होत नाही. गोव्यात वरची मर्यादाच जास्त पाळावी लागते.

पॉलियुरेथेन रंगांच्या हार्डनरमधील आयसोसायनेट पाण्याशी अभिक्रिया पावून कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. डबा फुगतो, द्रव गढूळ होतो, काठाला साय धरते, शेवटी सगळा डबा जेलीसारखा होतो. जुलैतील २८° से. व ९०% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६° असतो. वातानुकूलित मिक्सिंग रूममध्ये २२° वर ठेवलेला डबा शेडमध्ये आणला की काही क्षणांत घामेजतो, आणि झाकण उघडताच काठावरचे थेंब आत जातात. म्हणून डबा शेडच्या हवेइतका गरम होईपर्यंत बंदच ठेवावा, मग काठ पुसून उघडावा. हिवाळ्याच्या पहाटे पत्र्याच्या छपराखालीही हेच घडते. पत्रा रात्री हवेपेक्षा जास्त थंड होऊन आतून ठिबकतो. म्हापसा, मडगाव, वास्कोच्या किनारी पट्ट्यात खाऱ्या हवेने डब्यांचे काठही गंजतात, गंजाचे कण रंगात उतरतात. उरलेला हार्डनर लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवणे चांगले.

पॉलिएस्टर पुट्टीला मात्र गारवा मानवतो. उष्म्यात ती आपोआप घट्ट होते, आणि तिचा पेरॉक्साइड हार्डनरही थंड, उन्हापासून दूर व पुट्टीपासून वेगळा ठेवतात.