नाशिकच्या हवेत पानांचे लेट्यूस: लागवडीची माहिती

नाशिकची थंडी लेट्यूसला मानवते. शहरात दव गोठण्याची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे रोपे झाकायची गरज नाही. पीक बिघडते ते उन्हाने, तेही दोनदा: बी उगवताना आणि हंगाम सरताना.

पेरणी
ऑक्टोबरच्या उन्हाचा कडाका ओसरला की, साधारण दिवाळीच्या सुमारास, पहिले बी टाकावे. पुढे दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे, जानेवारीअखेरपर्यंत. एका ग्रॅममध्ये 800 ते 1,000 बिया असतात, तेव्हा घरासाठी अर्धा ग्रॅमही खूप झाला.

माती 28-30 अंशांपुढे तापली की लेट्यूसचे बी ओले होऊनही सुप्त राहते. उगवले नाही म्हणून बी लगेच खराब ठरवू नका. भिजल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत नाजूक असतात. म्हणून पेरणी आणि पहिले पाणी संध्याकाळीच, म्हणजे ते तास रात्रीच्या गारव्यात जातात. दिवस तापतच असतील तर बी ओल्या कागदात गुंडाळून एक-दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग पेरा. बियांवर 3-4 मिलिमीटरच थर द्यावा, कारण उगवायला उजेड लागतो. हवा गार असेल तर चार-पाच दिवसांत कोंब दिसतात.

माती आणि पाणी
नुसती काळी माती नको. ती पाणी धरून बसते आणि मुळे कुजतात. कुंडीसाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग माती घ्या. कोकोपीट धुणे टाळू नका, त्यातला क्षार लेट्यूसला सोसत नाही. कुंडी 15-20 सेंटिमीटर खोल असली तरी चालते. चार-पाच पानांची रोपे 20-25 सेंटिमीटरवर लावा आणि गाभा मातीत पुरू नका.

मुळे वरवर असतात, म्हणून पाणी थोडे पण रोज. दोन दिवस कोरडे ठेवून मग भरपूर पाणी दिले, की आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. हा रोग नव्हे. आपल्या काळ्या मातीत चुना (कॅल्शियम) भरपूर असतो, पण पाण्याची ओढाताण झाली की तो वाढत्या पानांपर्यंत पोहोचत नाही. बुरशीनाशक मारून उपयोग नाही, पाणी नियमित करा.

मावा ही कीड पानांच्या मागे, गाभ्याजवळ बसते. पाने कच्चीच खायची, त्यामुळे आंतरप्रवाही, म्हणजे रोपात भिनणारे कीटकनाशक अजिबात नको. पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढा, पिवळे चिकट सापळे लावा. गरज पडली तरच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

काढणी
लावणीपासून 30-40 दिवसांनी, सकाळी लवकर, बाहेरची पाने तोडा आणि गाभा राखा. दोन-तीन तोडे सहज मिळतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मे ऊन अडवणारी शेडनेट बांधा. मधला दांडा उंच होऊन पानांमधले अंतर वाढू लागले, की रोप फुलावर येत आहे. पान मोडल्यावर पांढरा चीक जास्त येतो आणि चव कडू होते. नेटने हे लांबते, टळत नाही. असे रोप उपटून जागा मोकळी करावी.

तोडलेली पाने गार पाण्यात धुऊन, निथळून, डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो शेजारी नकोत. त्यांच्या वायूने पानांवर तांबूस डाग पडतात.

एप्रिल-मेसाठी लेट्यूसची रोपे घेऊ नका. त्या जागी माठ किंवा अंबाडी लावा.