आत्मचित्रे, इटालियन चित्रकारांची

चित्रकाराने स्वतःचेच काढलेले व्यक्तिचित्र म्हणजे आत्मचित्र. इटालियन भाषेत ‘आउतोरित्रात्तो’. इटलीत हा प्रकार स्वतंत्र चित्र म्हणून रुळण्याआधी गर्दीच्या आडून आला. पंधराव्या शतकात चर्चच्या किंवा धनिकांच्या भिंती रंगवणारा कलावंत प्रसंगातल्या लोकांतच स्वतःला उभा करी. बोत्तिचेल्लीच्या ‘मागींचे पूजन’ (सु. १४७५; मागी म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष) या चित्रात अगदी उजव्या कडेला पिवळसर झग्यातला एक तरुण बाळ येशूकडे पाठ करून थेट आपल्याकडे बघतो, तो बोत्तिचेल्लीच, असे मानले जाते. बेनोत्सो गोत्सोलीने संशयाला जागाच ठेवली नाही. फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या वाड्यातील भित्तिचित्रात (१४५९) त्याने आपल्या लाल टोपीवर ‘बेनोत्सोचे काम’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे काढली. पेरूजीनो त्याच्याही पुढे गेला. पेरूजातील सराफांच्या सभागृहात (सु. १५००) त्याने भिंतीवर चौकटीत टांगलेली तसबीर रंगवली, तीत आपला चेहरा बसवला आणि खाली आपलीच स्तुती लिहवली.

चेहरा बघायला आरसा लागतो, आणि त्या काळचे काचेचे आरसे बहुधा लहान व फुगीर असत. पारमिजानीनोने या अडचणीचेच चित्र केले. कलावंतांची चरित्रे लिहिणारा चित्रकार व वास्तुकार वासारी याने दिलेल्या हकिकतीनुसार त्याने न्हाव्याकडे असतो तसल्या बहिर्वक्र आरशात स्वतःला पाहिले, कातार्‍याकडून लाकडी गोळा करवून तो अर्धा कापून घेतला आणि त्या फुगीर पृष्ठावर दिसले तसे उतरवले. म्हणजे आरशाचे चित्रही आरशाच्याच आकाराचे. पुढे आलेला हात चेहऱ्याहून मोठा, खिडकी व छत धनुष्यासारखे वाकलेले. मध्यभागी आलेला चेहरा मात्र शांत, देखणा, जराही न बिघडलेला. १५२४ च्या सुमाराला, विशीतच, हा नमुना घेऊन तो रोमला पोप सातव्या क्लेमेंटकडे गेला. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातले हे चित्र जेमतेम २४ सेंमी. व्यासाचे आहे. छायाचित्रांत ते सपाट दिसते, त्यामुळे त्यातली निम्मी गंमत हरवते.

काहींनी स्वतःला भलत्याच रूपात लपवले. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ (१५३६–४१) या भित्तिचित्रात जिवंत सोलून मारलेला मानला जाणाऱ्या संत बार्थोलोम्यूच्या हातातल्या सोललेल्या कातड्याला मायकेलअँजेलोचा स्वतःचा चेहरा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कारावाद्‌जोने बायबलमधल्या डेव्हिडच्या हातात लोंबणाऱ्या, त्याने मारलेल्या गोलायथ या राक्षसी योद्ध्याच्या तुटक्या मुंडक्याला आपले तोंड दिले. त्याच्यावर खुनाचा ठपका होता हे ठाऊक असले की ते चित्र फार वेळ बघवत नाही.

स्त्री चित्रकारांसाठी आत्मचित्र हा आपल्या धंद्याचा पुरावाही होता. क्रेमोनाच्या सोफोनिस्बा आंग्विस्सोलाने १५५६ मध्ये स्वतःला चित्रफलकापुढे, हातात कुंचला धरून दाखवले. आर्तेमीझिया जेंतिलेस्कीने (सु. १६३८–३९) थेट ‘चित्रकला’ या देवतेचेच रूप घेतले. चेझारे रीपाच्या प्रतीककोशात या देवतेच्या तोंडाला पट्टी बांधायला सांगितले आहे, कारण चित्र मुके असते. आर्तेमीझियाने त्यातले विस्कटलेले केस घेतले, गळ्यातली मुखवट्याची साखळी घेतली. पट्टी तेवढी घेतली नाही.

लिओनार्दो दा विंचीचे आत्मचित्र म्हणून सर्वांच्या ओळखीचे, तूरिनमधले लाल खडूचे दाढीवाले रेखाचित्र खरेच त्याचे स्वतःचे का, यावर मात्र एकमत नाही.

अशी चित्रे मुद्दाम जमवण्याचे काम सतराव्या शतकात कार्डिनल लेओपोल्दो दे मेदिचीने सुरू केले. त्याचा संग्रह फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी या कलादालनात वाढत गेला आणि पुढे परदेशी कलावंतांनीही त्यात आपली चित्रे दिली. १९७३ पासून त्यातली बरीच वासारीने १५६५ मध्ये बांधलेल्या, आर्नो नदीवरून जाणाऱ्या मार्गिकेत टांगलेली असत. २०२३ मध्ये उफ्फीझीच्या पहिल्या मजल्यावर आत्मचित्रांची स्वतंत्र दालने झाली. मार्गिका २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा खुली झाली. तिच्या भिंती आता रिकाम्या आहेत.