रंगवलेलं सागवानी कपाट: घेण्याआधी आणि घेतल्यावर

आमच्या कपाटांवरची चित्रं माणदेशातली आहेत: उघडा माळ, बाभळी, निवडुंग, तरवडाची पिवळी फुलं, मेंढरांचे कळप. रंगही त्याच मातीला शोभणारे, म्हणजे गेरू, पिवडी, खडू आणि काजळी. ते बाभळीच्या डिंकात खलतो. डिंक जास्त झाला तर रंगाला भेगा पडतात, कमी झाला तर रंग बोटाला लागतो. म्हणून आधी तुकड्यावर लावून, वाळवून, घासून बघतो.

दाराचा दिल्हा, म्हणजे चौकटीत बसवलेली मधली फळी, चौकटीला चिकटवत नाही, खोबणीत सैल ठेवतो. हात लावल्यावर किंचित हलला तर तो दोष समजू नये. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. दीड फूट रुंदीची सागवानी फळी पावसाळा-उन्हाळ्यात तीन-चार मिलिमीटर कमी-जास्त होते. ती डकवून टाकली तर मे महिन्यात चिरते, आणि तिच्याबरोबर चित्रही. दिल्हा आम्ही कडेपर्यंत रंगवूनच खोबणीत घालतो, नाहीतर आकसल्यावर कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.

ऑर्डर देताना गाव जरूर सांगा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावरच्या घरासाठी दोन दारांमधली फट जास्त ठेवावी लागते. तरीही जुलैत दार अडकलं तर लगेच रंधा मारून घेऊ नका. दिवाळीनंतर ते आपोआप मोकळं होतं, आणि तासलेलं दार उन्हाळ्यात फाकलेलं दिसतं.

वरचा हात लाखेच्या पॉलिशचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, डिंकाचा रंग पाण्यात. त्यामुळे पॉलिश मारताना चित्र पसरत नाही. पण म्हणूनच सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं की पॉलिश उठतं. गरम भांडं ठेवलं तरी पांढरा गोल उमटतो. पुसायला फक्त कोरडं सुती कापड. ओरखडा असेल तिथून ओल्या फडक्याचं पाणी थेट रंगात शिरतं.

कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, न्हाणीघराच्या भिंतीला तर नकोच. पश्चिमेचं ऊनही टाळा: गेरू-पिवडी उन्हानं उडत नाहीत, पण एकाच बाजूनं तापलेली फळी वाकते.

चौकटीचे सांधे सरसानं पक्के केलेले असतात, कपाट सुटं होत नाही. मापं पाठवताना खोलीच्या दाराची रुंदी आणि जिन्याचं वळणही मोजून कळवा.