हँडब्रेक डीव्हीडीचं कुलूप का उघडत नाही?

विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून हँडब्रेक हे डिस्कवरच्या सिनेमाची फाइल बनवणारं सॉफ्टवेअर उघडलं, तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. एक तर डिस्क वाचलीच जात नाही, नाहीतर तयार झालेल्या फाइलमध्ये रंगीत चौकोनांचा चिखल दिसतो. मग कुणीतरी सांगतं, ‘लिबडीव्हीडीसीएसएस टाक, चालेल.’ आणि खरंच चालतं. एवढं नावाजलेलं सॉफ्टवेअर डीव्हीडीचं कुलूप उघडणारा हा छोटासा तुकडा स्वतःबरोबर का देत नाही, याचं उत्तर कोर्टकचेऱ्यांत सापडतं.

व्हीसीडीच्या काळात ही भानगड नव्हती. १९९३ साली आलेल्या त्या डिस्कवर एमपेग-१ व्हिडिओ उघडाच असे. आपल्याकडे हिंदी सिनेमे आणि मराठी नाटकं दोन-तीन व्हीसीडींच्या संचात मिळायची. ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल हार्डडिस्कवर ओढली की काम झालं.

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. चित्र व्हीसीडीपेक्षा कितीतरी सरस, त्यामुळे कुलपाशिवाय सिनेमे द्यायला हॉलिवूड तयार नव्हतं. त्या कुलपाचं नाव कंटेंट स्क्रँबल सिस्टिम, म्हणजे सीएसएस. प्लेयर बनवणाऱ्या प्रत्येक परवानाधारक कंपनीला एक किल्ली दिली जाई. डिस्कची स्वतःची किल्ली त्याच डिस्कवर लिहिलेली असे, पण सुमारे ४०० वेगवेगळ्या प्लेयर-किल्ल्यांनी बंद करून. यातली कुठलीही एक फुटली की डिस्क उघडणार. त्यात किल्ली अवघी ४० बिटांची.

शिवाय हे कुलूप नकलेच्या आड येतच नव्हतं. ज्याच्याकडे डिस्क छापण्याचा कारखाना आहे, त्याने बिटामागून बिट जसंच्या तसं छापलं, की किल्ल्यांसकट नक्कल तयार. ती कुठल्याही प्लेयरवर चालणार. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डिस्कवर मात्र किल्ल्यांची जागा लिहिता येत नसे. त्यामुळे चोरीचा धंदा करणारा मोकळा आणि घरचा माणूस अडलेला, असा प्रकार होता. सर्वात जास्त अडले ते लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे, कारण त्यांच्यासाठी परवाना असलेला प्लेयरच बाजारात नव्हता.

ऑक्टोबर १९९९मध्ये डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला. झिंग या कंपनीच्या विंडोजवरच्या प्लेयरमध्ये किल्ली नीट लपवलेली नव्हती, तिथून ती काढली गेली होती. करणारे तिघे, त्यांपैकी नाव उघड झालं ते नॉर्वेतल्या १५ वर्षांच्या यॉन लेक योहान्सनचं. डीसीएसएस मुळात विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम होता, त्यामुळे ‘हे लिनक्ससाठी केलं’ या बचावाच्या दाव्यावर पुढे खटल्यात विरोधी वकिलांनी बोट ठेवलं. पण लिनक्सला तेव्हा डीव्हीडीची फाइल-व्यवस्थाच धड वाचता येत नव्हती, हा खुलासा मला पटण्यासारखा वाटतो. थोड्याच दिवसांत फ्रँक स्टीव्हनसन यांनी दाखवून दिलं, की चोरलेली किल्ली नसली तरी साध्या संगणकावर सीएसएस अल्पावधीत फुटतं.

स्टुडिओंनी कायद्याचा आधार घेतला. १९९८च्या डीएमसीए या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याने असं कुलूप उघडण्याची साधनं वाटणं हाच गुन्हा ठरवला होता. ‘२६००’ या हॅकर नियतकालिकाविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी ऑगस्ट २०००मध्ये स्टुडिओंच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला. तोवर लोकांनी डीसीएसएसचा कोड टी-शर्टवर छापला होता, हायकूत बसवला होता. एका गणितवेड्याने तर तो एका मूळ संख्येत दडवला. नॉर्वेत निकाल उलटा लागला. आपल्या पैशाने घेतलेली डिस्क बघायला कुलूप उघडलं तर गुन्हा होत नाही, असं म्हणत कोर्टाने योहान्सनला जानेवारी २००३मध्ये आणि अपिलात पुन्हा डिसेंबरमध्ये निर्दोष सोडलं.

इकडे फाइल लहान करण्याचं तंत्र स्वतंत्रपणे वाढत होतं. फ्रान्सच्या जेरोम रोटाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून डिव्हएक्स बाहेर सोडलं. मग ८.५ जीबीपर्यंतचा सिनेमा ७०० एमबीत मावू लागला. ७०० एमबीच का, तर कोऱ्या सीडीत तेवढंच बसतं. सीडी अडगळीत गेल्यावरही हा आकडा कितीतरी वर्षं डाउनलोडच्या यादीत टिकून होता. २००१मध्ये याच कामाचं एक्सव्हिड आलं, पुढे एक्स२६४. डीव्हीडी श्रिंक या प्रोग्रॅमने दोन थरांची डिस्क ४.७ जीबीच्या साध्या कोऱ्या डिस्कवर बसवून दिली.

कुलूप उघडण्याचं काम आपल्या अंगावर घेणाऱ्यांची मात्र धडगत नव्हती. डीव्हीडी एक्स कॉपी विकणारी ३२१ स्टुडिओज कंपनी खटला हरून २००४मध्ये बंद पडली. डीव्हीडी डिक्रिप्टर या तसल्याच प्रोग्रॅमचं काम २००५मध्ये थांबलं. सगळ्यात गंमत रिअलनेटवर्क्सची. झिंग याच कंपनीच्या मालकीची, आणि २००८मध्ये ती स्वतःच रिअलडीव्हीडी हे नक्कल करणारं सॉफ्टवेअर घेऊन बाजारात उतरली. कोर्टाने त्याच वर्षी त्याची विक्री तात्पुरती थांबवली आणि पुढच्या वर्षी ही मनाई चालू ठेवली.

टिकले ते काम वाटून घेणारे: कुलूप उघडणारे वेगळे, फाइल बनवणारे वेगळे. लिबडीव्हीडीसीएसएस ही फ्रान्समधल्या व्हिडिओलॅनची, म्हणजे व्हीएलसी प्लेयर बनवणाऱ्या मंडळींची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा कोड. ती चोरलेल्या किल्लीवर विसंबत नाही, डिस्कवरून स्वतः किल्ली शोधते. हँडब्रेक २००३मध्ये एरिक पेटी यांनी बीओएस या आता विस्मृतीत गेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलं. सुरुवातीच्या काही आवृत्त्यांत ही लायब्ररी आतच होती, नंतर ती काढून टाकली. लिनक्सची डेबियन ही आवृत्ती बनवणारे तर आणखी सावध. त्यांचं पॅकेज या लायब्ररीचा नुसता सोर्स कोड आणून देतं आणि वापरणाऱ्याच्याच मशीनवर तो कंपाइल होतो, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार होतो.

आपल्याकडे हा विषय कायद्यात आला तो कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने. कलम ६५-ए नुसार असं संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, पण ते हक्कभंग करण्याच्या इराद्याने मोडलेलं असलं पाहिजे. अमेरिकी कायद्यात इराद्याची ही अट नाही. माझ्या मते आपली शब्दरचना जास्त शहाणपणाची आहे. कपाटातल्या जुन्या नाटकाची डिस्क बुरशी लागायच्या आत हार्डडिस्कवर उतरवून घेणारा आणि तीच फाइल टेलिग्रामवर टाकणारा, यांच्यात ती निदान फरक करते.