परसातलं गवत, फवारा आणि ‘बिगर पीक क्षेत्र’

पावसाळ्यात अंगणात, परसात आणि न्हाणीच्या सांडपाण्याकाठी जे आपोआप उगवतं, त्याचं काय करायचं यावर विदर्भातल्या खेड्यांत आज सरळ दोन मतं दिसतात. एका घरी पोळ्याच्या आधी पाठीवरचा पंप घेऊन सगळं फवारून मोकळं होतात. लागूनच्या घरी त्याच दिवसांत तरोटा (टाकळा), घोळ, चिवळ खुडून भाजीला टाकतात. हा मतभेद फार जुना नाही. तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाढला, आणि त्यामागे घरच्या स्वच्छतेपेक्षा शेतीतल्या बदलांचा हात मोठा आहे.

पूर्वी शेताचा हिशेब वेगळा आणि परसाचा वेगळा होता. काळ्या जमिनीत हराळी, कुंदा आणि लव्हाळा म्हणजे हाडवैरी. बैलांनी ओढायचा डवरा फिरवायचा, मागून बायांनी निंदायचं, तरी लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहायच्याच. शेतातल्या अशा गवताला सरसकट ‘कचरा’ म्हणतात. परसात मात्र निवड व्हायची. खायचं असेल ते राहू द्यायचं, औषधाला किंवा पूजेला लागणारं कडेला ठेवायचं आणि उरलेलं उपटायचं. हीच हराळी गणपतीत दूर्वा म्हणून शोधावी लागते. महालक्ष्म्यांना आघाडा लागतो. पत्रीत माका, धोत्रा, रुई, डोरली येतात, आणि ही सगळी उकिरड्याच्या आणि कुंपणाच्या कडेची झाडं. कापलं-खरचटलं तर एकदांडीचा पाला चुरून लावायचा हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. ही निवड बायका करायच्या. शेतात निंदताना हाताखालून जाणारं प्रत्येक रोप त्यांच्या ओळखीचं असे, आणि संध्याकाळी घरी येताना ओटीत तांदुळजा नाहीतर घोळ असे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांपुढची हिरवळसुद्धा मुळात हराळीचीच. शेतकरी जे खणून काढायचा, त्याला साहेबाच्या बंगल्यावर माळी पाणी घालायचा.

परसातल्या गवताकडे भीतीने पाहायला लावणारं पहिलं झाड म्हणजे गाजर गवत. पुण्यात १९५६ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि परदेशातून आयात केलेल्या गव्हासोबत ते आलं असं सांगितलं जातं. भारतात ते असल्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीही आहेत, पण ते बोकाळलं ते १९५६ नंतर. रस्ते, रेल्वेचे रूळ, बाजाराच्या जागा धरत ते सगळीकडे पोचलं. एका झाडाला हजारोंनी बी येतं. अंगाला खाज, पुरळ, दमा असा त्याचा त्रास खरा आहे आणि जनावरांनी खाल्लं तर दूध कडवट होतं. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून भुंगे आणले आणि पुढच्या वर्षी बंगळूरच्या भागात सोडले. काही वर्षांनी ते सूर्यफुलाच्या पानांवर दिसले तेव्हा मोठा गदारोळ झाला. गाजर गवताचे परागकण पानांवर पडल्यामुळे भुंगे तिकडे वळतात असं अभ्यासात पुढे आलं आणि भीती ओसरली. आता हे भुंगे विदर्भातही सोडले जातात. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात आणि कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतात. जबलपूरच्या तण संशोधन केंद्राच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत निर्मूलनाचा आठवडा पाळला जातो. शाळेची मुलं हातमोजे घालून फुलावर येण्याआधीची झाडं उपटतात.

तिथवर कुणाची तक्रार नव्हती. गाडी पुढे सरकली ती ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांपासून. राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं आणि त्याने गावांचं भलं केलं, यात शंका नाही. उकिरडे हलले, शौचालयं झाली, नाल्या बांधल्या गेल्या. पण तपासणीला येणाऱ्याच्या नजरेत घराभोवतीचा तरोटा आणि गाजर गवत सारखंच अस्वच्छ दिसतं. मोकळी, झाडलेली जागा म्हणजे चांगलं घर हे हळूहळू मनात रुजलं. मग गल्लीत सिमेंट रस्ता आला, घरकुलापुढे सिमेंटचे गट्टू बसले. गट्टूच्या फटीतून डोकावणारं दुधी नावाचं तण उपटताना मूळ निघत नाही, देठ तुटून हातात येतो. तिथे पहिल्यांदा फवाऱ्याचा विचार आला.

साफ करण्याच्या बाजूने असलेली कारणं हलकी नाहीत. पावसाळ्यात दाराशी गुडघाभर गवत म्हणजे विंचू-सापाला आडोसा, आणि मण्यार-घोणसाची धास्ती ज्या घरात आहे त्याला रानभाजीचं महत्त्व सांगणं बरोबर नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसने लोक दगावले. गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो, म्हणून घराभोवतीचं गवत काढा असं आरोग्य कर्मचारी दारोदार सांगत होते. ते सांगणं योग्यच होतं. प्रश्न गवत काढायचं कशाने हा आहे.

विळा-खुरप्याच्या जागी पंप कसा आला, हे शेतात पाहिल्याशिवाय कळत नाही. सोयाबीन पसरलं तशी उगवणीनंतर मारायची तणनाशकं ओळखीची झाली. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. पुढे तणनाशक सहन करणारं, मंजुरी नसलेलं कापसाचं बियाणं चोरवाटेने आलं आणि त्याच्यासोबत ग्लायफोसेट हे तणनाशक गावोगाव पोचलं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात एका शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही आणि आठ दिवसांची झड लागली की डवरा वावरात जात नाही. कोरडवाहू कापूसवाल्याची ही अडचण मला खरी वाटते. शेतासाठी आणलेली बाटली घराच्या कोनाड्यात उरते. मग उरलेलं औषध बांधावर, बांधावरून गोठ्यामागे आणि गोठ्यामागून परसात येतं. घरासाठी म्हणून ते कुणी मुद्दाम विकत आणलेलं नसतं.

या सगळ्यात ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या आदेशाकडे सर्वांत कमी लक्ष गेलं, आणि परसाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्लायफोसेटला भारतात नोंदणी आहे ती दोन ठिकाणांसाठी: चहाचे मळे आणि बिगर पीक क्षेत्र. विदर्भात चहा नाही. म्हणजे कापसात, संत्र्याच्या बागेत जे फवारलं जातं ते नोंदणीच्या बाहेरचं, आणि नियमात बसतं ते फक्त बिगर पीक क्षेत्र. मार्च २०१५ मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने या रसायनाला ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारं’ अशा गटात टाकलं. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने उलट मत दिलं. दोन्ही बाजूंचे कागद नाचवले गेले. केंद्राने जुलै २०२० मध्ये मसुदा काढला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अंतिम आदेश: ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच व्हावी. आदेशाने विक्रीवर सरसकट बंदी घातली नाही, वापरावर बंधन घातलं.

आदेशावर बोलणारे दोन गट झाले. एका गटाला हवी होती पूर्ण बंदी. त्यांच्यापुढे यवतमाळचं २०१७ सालचं उदाहरण होतं. त्या वर्षी कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ती विषबाधा प्रामुख्याने कीटकनाशकांची होती, तणनाशकाची नव्हे, आणि हा फरक चर्चेत पुष्कळदा पुसला गेला. पण उघड्या अंगाने, नाकातोंडाला काही न बांधता फवारणी कशी होते हे त्या वर्षी सगळ्या राज्याने पाहिलं. दुसरा गट म्हणाला, असा परवानाधारक खेड्यात आहे कुठे? तो शहरात वाळवीचं काम करतो, दोन एकरांच्या वावरात कोण येणार? हा आक्षेपही खोडता येत नाही.

दोन्ही गट शेताबद्दल बोलत होते. नोंदणीत बसणारं बिगर पीक क्षेत्र म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. बांध, धुरा, पांदण, रस्त्याची कड, गावठाण, घराचं अंगण आणि परस हेच ना? कागदावर तिथे पीक नाही, कारण कुणी पेरलेलं नाही. प्रत्यक्षात घरात रोज शिजणारं बरंच काही तिथूनच येतं. तरोटा पहिल्या पावसानंतर बोटभर वर आला की त्याचे कोवळे शेंडे खुडतात, कारण पुढे पान जून होतं आणि भाजी कडवट लागते. कांदा, लसूण आणि थोडी भिजवलेली डाळ घालून ती ज्वारीच्या भाकरीसोबत खातात. ही भाजी सातबाऱ्यावर लागत नाही, म्हणून ती पीक नाही असं ठरवणं मला चूक वाटतं.

यातला धोका दिसायला साधा आहे. ग्लायफोसेट मारल्या दिवशी झाड सुकत नाही. तीन-चार दिवस पान हिरवंगार राहतं, मग पिवळं पडू लागतं आणि पुरतं जळायला दहा-पंधरा दिवस जातात. या पहिल्या दिवसांत फवारलेला तरोटा आणि न फवारलेला तरोटा शेजारी ठेवले तर डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. ज्याने फवारलं तो घरचा माणूस वावरात गेलेला असतो आणि भाजी खुडणारी वेगळीच असते, बरेचदा शेजारीण किंवा नात. शेतात फवाऱ्याला दिवस ठरलेला असतो, कुंपण असतं, चर्चा असते. परसात यातलं काहीच नसतं. ग्रामपंचायतीने सणाआधी गल्लीच्या कडेने फवारा मारायचा तर आदल्या दिवशी दवंडी द्यावी, निदान ग्रुपवर निरोप टाकावा, एवढी मागणी कुणालाही जड नाही. सरपंच-सदस्यांनी ती ग्रामसभेत मांडायला हवी.

दुसऱ्या बाजूने काही हालचाल झाली आहे. राज्यात २०२० पासून ९ ऑगस्टच्या आसपास रानभाजी महोत्सव भरू लागले आहेत. गडचिरोली-चंद्रपूरपासून बुलढाण्यापर्यंत तालुक्याच्या ठिकाणी बायका तरोटा, घोळ, आघाडा, काटेमाठ टोपल्यांत मांडून बसतात. त्यामुळे शहरातल्या गिऱ्हाइकाला या पाल्याची किंमत कळली. पण अजून एक गोष्ट तिथे सांगितली जात नाही. तरोट्याची दाट उगवण गाजर गवताला दाबते. म्हणून गाजर गवत फोफावलेल्या पडीक जागेत पावसाळ्यापूर्वी तरोट्याचं बी फेकावं, अशी शिफारस तण शास्त्रज्ञच करतात. ते बी मिळवायला कुठे जावं लागत नाही. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की विदर्भात बाया ते झोडपून गोळा करतात आणि व्यापाऱ्याला विकतात. फवारा मारला की गाजर गवताचं वरचं झाड जळतं, पण मातीतलं बी तसंच राहतं आणि पुढच्या सरीला उगवून येतं. तोवर त्याला दाबणारा तरोटाही त्याच फवाऱ्यात गेलेला असतो. त्यामुळे ज्या परसात दरवर्षी पंप फिरतो तिथे पहिल्यांदा परततं ते बहुधा गाजर गवतच, आणि गाठींवर जगणारा लव्हाळा.