फ्रीमियम आणि फ्री ट्रायल: दोन्ही फुकट, हिशेब मात्र वेगळा

ॲप किंवा ऑनलाइन सेवेच्या ट्रायलमध्ये जवळपास सगळं मिळतं, पण मुदत संपेपर्यंतच. फ्रीमियममध्ये थोडंच मिळतं, पण ते कायम मिळत राहतं. गल्लत होते ती फ्रीमियमची मर्यादाही दिवसांत मोजली की. ऑफिसातल्या संवादाचं ॲप असलेल्या स्लॅकच्या मोफत योजनेत पूर्वी शेवटचे 10,000 मेसेज दिसायचे. सप्टेंबर 2022 पासून शेवटच्या 90 दिवसांचे दिसू लागले. तरीही ती ट्रायल नव्हे, कारण 91व्या दिवशीही काम चालूच राहतं, फक्त जुनं दिसेनासं होतं.

खरा फरक खर्चात आहे. डिजिटल वस्तूची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही, पण सर्व्हर, स्टोरेज आणि ग्राहकमदत यांचं बिल दरमहा येतं. समजा, एका वापरकर्त्यामागचा मासिक खर्च वर्गणीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा आहे. मग शंभरातल्या दोघांनी वर्गणी भरली तर जेमतेम तोंडमिळवणी होते. एकानेच भरली तर प्रत्येक नव्या शंभरामागे तोटा वाढतो. स्टोरेजचं ओझं तर साचतच जातं. गूगल फोटोजने 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीच्या मोफत कोट्यात मोजायला घेतले, ते उगीच नाही.

म्हणून फुकट वापरणारा पैशाऐवजी दुसरं काही आणत असेल, तरच फ्रीमियम निवडावं. फाइल्स ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सवर शेअर केलेलं फोल्डर समोरच्यालाही खातं उघडायला लावतं. झूमची मोफत बैठक 40 मिनिटांनी बंद पडते, तीही सगळ्यांसमोर आणि नेमकी तासाभराच्या कामाच्या मध्यात. मर्यादा अशी बसवायला हवी: चव कळेल इतकं मिळावं, पण रोजचं काम त्यात पूर्ण भागू नये. ती फार सैल असली तर कुणी पैसे भरत नाही, फार आवळली तर कुणी टिकत नाही.

ट्रायलचं गणित दिवसांवर चालतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा उपयोग महिनाअखेरीला कळतो, तिथे 7 दिवसांची ट्रायल देणं म्हणजे ताट वाढून लगेच उचलणं. दिवस खातं उघडल्यापासून न मोजता पहिली खरी नोंद झाल्यापासून मोजावेत. कार्ड आधीच मागितलं तर कमी लोक येतात, पण आलेल्यांपैकी जास्त टिकतात. मात्र रद्द करायला विसरलेल्यांचे पैसे कापले गेले की परताव्याच्या तक्रारी येतात. मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी कळवलं तर त्या बऱ्याच टळतात.

दोन्हींची सांगडही घालता येते: पहिले 14 दिवस सगळं खुलं, नंतर मोफत योजना. याला रिव्हर्स ट्रायल म्हणतात. घोटाळा होतो तो मोफत योजनेवर उतरताना. चौदा दिवसांत 12 प्रोजेक्ट तयार झाले आणि मोफत योजनेत 3च बसतात, तर उरलेले 9 पुसू नयेत. ते वाचता येतील आणि डाउनलोड करता येतील, बदलता मात्र येणार नाहीत, असे ठेवावेत.