थिजलेला मध आणि त्यातलं जंतुनाशक

पौष लागला की इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांत मधाची बरणी तळाशी पांढरट, रवाळ होऊ लागते. मध मुरैना-भिंडकडच्या सरसोंच्या फुलांचा. त्यात ग्लुकोज जास्त, म्हणून तो लवकर थिजतो. मग कुणीतरी ‘यात साखर घातलीय’ म्हणतं, आणि बरणी उकळत्या पाण्यात जाते. माझा जीव तिथेच तुटतो.

जखमेवर मध लावण्याची रीत फार जुनी. इसवीसनपूर्व १६००च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात ती आहे. सुश्रुतसंहितेतही व्रणावर मध-तूप सांगितलं आहे. मधाने जंतूंची वाढ थांबते हे १८९२ मध्ये व्हान केटेल या डच संशोधकाने नोंदवलं. कारण उघड वाटत होतं: साखर इतकी दाट की जंतूंतलं पाणीच ओढून घेते, वर मध आंबट. हे खरंही आहे. पण मग पाणी घातल्यावर त्याचा जोर ओसरायला हवा. १९१९ मध्ये सॅकेट यांना उलटंच दिसलं, थोडा पातळ केलेला मध जास्त प्रभावी ठरला! १९३७ मध्ये डोल्ड आणि सहकाऱ्यांनी या अज्ञात द्रव्याला ‘इनहिबाइन’ म्हटलं. ते उष्णतेने आणि उजेडानेही नासतं.

उलगडा झाला १९६२-६३ मध्ये. अमेरिकेत जोनाथन व्हाइट यांनी दाखवलं की इनहिबाइन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक. मधमाशी मकरंदात आपल्या ग्रंथींतलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) मिसळते. पक्व मधात ते जवळजवळ निजलेलं असतं. जखमेतला ओलावा मिळाला की ते जागं होतं आणि ग्लुकोजपासून थोडं थोडं पेरॉक्साइड तयार करत राहतं. न्यूझीलंडच्या ‘मनुका’ नावाच्या झुडपाच्या फुलांच्या मधाचं बळ मात्र वेगळं, ते मेथिलग्लायऑक्झल या दुसऱ्याच द्रव्यामुळे आहे.

आपल्या सोलापुरात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावर लावायचं मलम यांची तुलना केली. १९९१ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात मध लावलेल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. दवाखान्यात जखमेसाठी वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो; फडताळातला मध जखमेवर लावू नये.

गरम केलेला मध आयुर्वेदातही वर्ज्यच. थिजलेली बरणी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात तासभर उभी ठेवा, किंवा रवाळ मधच पोळीवर घ्या.